दुसरी प्रत, दुसरी जागा

बी. कॉम. भाग ३

व्यापाराला भांडवल, माल आणि माणसे लागतात हे आपण अकरावीपासून शिकत आलो आहोत. परंतु प्रत्यक्ष पेढीवर चार दिवस बसले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते, ती म्हणजे लिहून ठेवलेला हिशेब. माल गेला तर पुन्हा आणता येतो. पैसा बुडाला तर कष्टाने पुन्हा मिळवता येतो. परंतु कोणाकडून किती येणे आहे याची नोंदच राहिली नाही, तर आपल्या हक्काचा पैसाही मागता येत नाही. पूर्वी हा हिशेब लाल कापडी बांधणीच्या वह्यांत असे. आता तो संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये असतो. वहीला वाळवी लागते, पाणी लागते, हे सर्वांना ठाऊक होते व त्याप्रमाणे तिची काळजी घेतली जाई. संगणकातील हिशेबाची, कागदपत्रांची आणि फोटोंची काळजी आपण आपल्या हाताने कशी घ्यावी, याची माहिती वाचकमित्रांना करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

माझे शालेय शिक्षण सुरतेस महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत झाले. सुरतेत मराठी शाळा आहेत हे ऐकून आपल्याकडे पुष्कळांना नवल वाटते. परंतु लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबे फार मोठ्या संख्येने राहतात. कोणी मागावर, कोणी प्रोसेस हाउसमध्ये, तर कोणी कापड मार्केटात मेहताजी, म्हणजे आपल्याकडचे दिवाणजी, म्हणून काम करतात. रिंग रोडवरील मार्केटातला व्यवहार बहुतांशी उधारीवर चालतो. आज निघालेली साडी सोलापूर, बेळगाव, हुबळीच्या दुकानात पोहोचते आणि तिचा पैसा पुष्कळदा महिना-दोन महिन्यांनी येतो. मधल्या काळात त्या पैशाचे अस्तित्व फक्त नोंदीत असते. म्हणून सुरतेच्या उदाहरणावरून हा विषय चांगला समजतो.

ऑगस्ट २००६ मध्ये सुरतेला फार मोठा पूर आला. सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावलेली तापी नदी खानदेशातून वाहत गुजरातेत जाते. सुरतेच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवर उकाई धरण आहे. वरच्या बाजूस जोराचा पाऊस होऊन धरण भरत आले, तेव्हा पाणी सोडावे लागले आणि तो विसर्ग सुमारे ९ लाख घनफूट दर सेकंदास एवढा वाढला. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. अडाजण, रांदेर या भागांत घरांचे तळमजले बुडाले आणि काही दिवस शहराचा व्यवहार बंद पडला. माणसे गेली, घरे गेली, त्या दुःखापुढे कागदांचे दुःख लहानच. परंतु पाणी ओसरल्यावर जगावयाचे होते, आणि त्यासाठी कागद हवे होते.

आमच्या नात्यातील एक काका त्या वेळी एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहीत असत. पेढीचा संगणक तळमजल्यावर होता. शेठजी सावध होते, म्हणून हिशेबाची नक्कल दर आठवड्यास सीडीवर घेतली जाई. परंतु त्या सीड्या त्याच टेबलाच्या खणात ठेवलेल्या असत. मूळ व नक्कल दोन्ही एकाच गाळात गेले. पुढे कित्येक आठवडे काका बाहेरगावच्या दुकानदारांना फोन करून त्यांच्या वहीत पेढीचे किती देणे निघते हे विचारून लिहून घेत होते. बहुतेकांनी सचोटीने आकडे सांगितले. काहींनी मात्र 'आमच्याकडे काही निघत नाही' एवढेच उत्तर दिले, व त्यांच्याशी वाद घालावयास पेढीजवळ कागद नव्हता. जो हिशेब परत मिळाला तो कशामुळे मिळाला, हे पाहण्यासारखे आहे. तो दुकानदारांच्या वह्यांत लिहिलेला होता आणि त्या वह्या दुसऱ्या गावी कोरड्या राहिल्या होत्या. म्हणजे नक्कल असणे पुरेसे नसते, ती दुसऱ्या जागी असावी लागते. या लेखातील मुख्य मुद्दा तोच आहे.

ही युक्ती संगणकाबरोबर आलेली नाही. सुरतेस १६१३ मध्ये इंग्रजांची वखार कायम झाली. वखारीत रोजनिशी लिहिली जाई आणि तिच्या व पत्रांच्या नकला लंडनला कंपनीकडे जात. महत्त्वाच्या पत्राची एक प्रत एका जहाजाने, तर दुसरी प्रत दुसऱ्या जहाजाने पाठवण्याची रीत होती, कारण जहाज बुडण्याचा धोका नेहमीचाच होता. शिवाजी महाराजांच्या १६६४ व १६७० मधील सुरतेवरील स्वाऱ्यांविषयी इंग्रजांनी लिहिलेला पत्रव्यवहार आपल्या इतिहाससंशोधकांना वापरता आला, त्याचे एक कारण हे नकला करण्याचे वळण होय. सुरतेच्या वखारीचे कागद आजही मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, असे दोन ठिकाणी जपलेले आहेत.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. संगणकातील मजकुराची वेगळी नक्कल करून ठेवणे याला बॅकअप म्हणतात. आपोआप बॅकअप घेणारी साधने आहेत. परंतु आपल्या हाताने बॅकअप घेतल्यास आपल्याजवळ नेमके काय आहे व ते कोठे आहे हे कळते, म्हणून नवशिक्याने तेथून सुरुवात करावी. त्यासाठी केबलने जोडावयाची एक बाहेरची हार्ड डिस्क पुरते. तिच्या आत गुळगुळीत चकत्या असून त्या मिनिटास ५४०० किंवा त्याहून अधिक फेरे घेतात, आणि वाचणारे टोक त्यांच्यावर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. म्हणून डिस्क चालू असताना हलवू नये, आणि टेबलाच्या कडेला तर मुळीच ठेवू नये.

पहिली पायरी म्हणजे यादी. कॉपी करण्यापूर्वी कागदावर लिहावे की, आपल्याला परत हवे असे संगणकात काय काय आहे. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स व डेस्कटॉप ही नावे चटकन सुचतात. परंतु डाउनलोड्समध्ये पडून राहिलेली गुणपत्रके व फॉर्म विसरले जातात. टॅली वापरणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. टॅली प्राइम नेहमीच्या पद्धतीने बसवले असल्यास त्याचा डेटा सी ड्राइव्हवरील यूझर्स, त्यातील पब्लिक, त्यातील टॅली प्राइम या फोल्डरात राहतो. तो डॉक्युमेंट्समध्ये नसतो. डॉक्युमेंट्सची नक्कल केली की सर्व झाले असे समजणाऱ्याची सर्व पत्रे राहतील, हिशेब मात्र राहणार नाही. टॅलीत डेटा या सदराखाली बॅकअपची सोय दिलेली आहे, ती वापरावी. फोल्डर हाताने कॉपी करावयाचे झाल्यास आधी टॅली बंद करावे, कारण उघड्या फाइलची नक्कल अर्धवट होण्याची भीती असते.

दुसरी पायरी तारखेची. बाहेरच्या डिस्कवर नवे फोल्डर करून त्याला त्या दिवसाची तारीख नाव म्हणून द्यावी. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे लिहावे, उदाहरणार्थ २०२५-०३-३१. असे केल्याने फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. दर वेळी नवे फोल्डर करावे, जुन्यावर नवे लिहू नये. याचे कारण असे की, मूळ फाइल नकळत बिघडलेली असेल तर तिची बिघडलेली नक्कल चांगल्या जुन्या नकलेवर बसते आणि दोन्ही जातात. जागा कमी पडू लागली की सर्वांत जुने फोल्डर पुसावे, परंतु वर्षअखेरीचे फोल्डर राखून ठेवावे.

तिसरी पायरी कॉपी करण्याची. फोल्डर निवडून 'कॉपी' म्हणावे आणि डिस्कवरील नव्या फोल्डरात 'पेस्ट' करावे. 'कट' कधीही करू नये. कट केल्याने फाइल एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते, प्रत एकच राहते. अनेकजण संगणकात जागा व्हावी म्हणून सर्व फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवतात व त्याला बॅकअप म्हणतात. वास्तविक त्यांनी धोक्याची केवळ जागा बदललेली असते. डिस्क जुनी असून फॅट ३२ या पद्धतीने आखलेली असेल, तर तिच्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही. लग्नाच्या चित्रफितीच्या वेळी ही अडचण येते. अशा वेळी डिस्क रिकामी करून एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने आखून घ्यावी.

चौथी पायरी तपासणीची. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ताळा घेतल्याशिवाय चैन पडू नये. मूळ फोल्डरावर व नकलेवर 'प्रॉपर्टीज' पाहावे. फाइलींची संख्या आणि एकूण बाइट दोन्हीकडे सारखे आले पाहिजेत. त्यानंतर पाच-सहा फाइली डिस्कवरूनच उघडून पाहाव्यात, त्यात एक जुनी व एक मोठी असावी. टॅलीचा बॅकअप असल्यास तो दुसऱ्या एखाद्या संगणकावर 'रिस्टोअर' करून ताळेबंद उघडतो का ते पाहावे. जी नक्कल परत आणून पाहिली नाही, तिच्यावर विसंबू नये.

पाचवी पायरी डिस्क काढून ठेवण्याची. केबल एकदम ओढू नये. 'इजेक्ट' म्हणून संगणकाची परवानगी मिळाल्यावरच काढावी, कारण शेवटचा मजकूर लिहावयाचा राहिलेला असू शकतो. आणि काम झाल्यावर डिस्क जोडून ठेवू नये. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने जगभरातील संगणकांमधील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. असे विषाणू संगणकाला जोडलेल्या डिस्कवरील फाइलीही सोडत नाहीत. काढून ठेवलेल्या डिस्कपर्यंत ते पोहोचू शकत नाहीत.

सहावी पायरी जागेची, आणि पुरातील त्या सीड्यांप्रमाणे बहुतेक ठिकाणी नेमकी तीच राहून जाते. संगणकाशेजारच्या खणात ठेवलेली डिस्क चोरीत संगणकाबरोबर जाईल आणि आगीत त्याच्याबरोबर जळेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरतेच्या शिवशक्ती टेक्स्टाइल मार्केटला आग लागली, तेव्हा शेकडो दुकाने त्यात सापडली. अशा वेळी दुकानातल्या दुकानात ठेवलेल्या दहा नकलांचाही उपयोग नसतो. म्हणून दोन डिस्क घ्याव्यात. एक घरी राहील, दुसरी मामाकडे किंवा मावशीकडे, शक्य तर दुसऱ्या गावी, वरच्या मजल्यावर. सणावाराला जाणे-येणे होतेच, तेव्हा डिस्कची अदलाबदल करावी. डिस्कवर पॅन, आधार, बँकेचे कागद असतील तर तिला पासवर्डाचे कुलूप घालावे, आणि तो पासवर्ड घरातील आणखी एका विश्वासू माणसास ठाऊक असावा. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियमही हेच सांगतो. एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी.

'आमचे सर्व फोटो क्लाउडवर आहेत, मग डिस्क कशाला?' असा प्रश्न कोणी विचारील. क्लाउड उपयोगी आहे, परंतु त्यातील पुष्कळ सेवा जुळवणी करतात. म्हणजे येथे पुसले की थोड्या वेळाने तेथेही पुसले जाते. शिवाय खाते बंद पडले किंवा पासवर्ड हरवला तर दार लागते. म्हणून क्लाउडला एक प्रत म्हणावे, एकमेव प्रत म्हणू नये.

आपल्या शाखेच्या दृष्टीने या विषयाला कायद्याचीही बाजू आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याने हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. त्याच कराच्या २०१७ च्या नियमांतील नियम ५७ सांगतो की, संगणकावरील नोंदींचा योग्य बॅकअप असा ठेवावा की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्यास त्या वाजवी मुदतीत परत उभ्या करता याव्यात. कंपन्यांना तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे बंधनकारक झाले आहे. लहान दुकानदाराला ही कलमे माहीत नसतात. त्याच्याकडे उद्या हिशेब लिहावयास बसणार आहोत ते आपणच, तेव्हा ती जबाबदारी आपलीच होय.

किती दिवसांनी बॅकअप घ्यावा? याचे उत्तर सोपे आहे. जेवढ्या दिवसांचे काम पुन्हा करण्याची आपली तयारी असेल, तेवढ्या दिवसांनी. दुकानाला रोज, विद्यार्थ्याला आठवड्यातून एकदा पुरे. २०११ पासून ३१ मार्च हा दिवस जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. आपल्या देशात त्याच दिवशी हिशेबाचे वर्ष संपते हा योगायोगच, परंतु लक्षात ठेवण्यास फार सोयीचा. दिवाळीला सुरतेचे व्यापारी चोपड्यांची पूजा करतात, आपल्याकडेही वहीपूजन होते. त्या पूजेत त्या दिवशीची नक्कल घेतलेली एक डिस्कही ठेवावी, आणि भाऊबिजेला ती बहिणीच्या गावी पोहोचती करावी.

मित्रमैत्रिणींनो, प्रकल्पाचे अहवाल, शिष्यवृत्तीचे कागद, आजी-आजोबांचे फोटो असे काही ना काही प्रत्येकाच्या संगणकात आहेच. मराठीत आपण 'प्रत' म्हणतो, कन्नड विभागातील आपले मित्र 'प्रति' म्हणतात. शब्द जवळजवळ एकच आहे, आणि गरजही एकच. हे वार्षिक हाती पडल्यावर एखाद्या रविवारी तासभर काढून कोणी एकाने जरी आपली दुसरी प्रत दुसऱ्या जागी पोहोचवली, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.