विषाणूच्या छायाचित्रामागची जुळवणी

जानेवारी २०२० च्या अखेरीस केरळमध्ये आढळलेल्या भारतातील पहिल्या कोविड रुग्णाच्या घशातील स्राव पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आला. जेमतेम सात कण सापडले. त्यांतील ७५ नॅनोमीटरचा एक कण उत्तम टिकलेला होता. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मधील ते छायाचित्र आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. असे चित्र मिळण्यापूर्वी यंत्राची जी जुळवणी करावी लागते, तिच्याविषयी मात्र क्वचितच बोलले जाते.

या यंत्रात प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत आणि काचेऐवजी चुंबकीय भिंगे असतात. १०० किलोव्होल्टला झोताची तरंगलांबी अवघी ०.००३७ नॅनोमीटर भरते. परंतु भिंगांच्या अंगभूत दोषांमुळे तेवढे सूक्ष्म कधीच दिसत नाही. म्हणून प्रथम झोत यंत्राच्या अक्षावर आणतात. भिंगाचा प्रवाह कमीअधिक केला असता प्रकाशवर्तुळ जागच्या जागी लहानमोठे व्हावे. ते बाजूला सरकले, तर छिद्रपट्टी मध्यावर नाही असे समजावे. नंतर नमुन्याची उंची अशी ठेवतात की तो कलवला तरी दृश्य हलू नये. पुढे मुख्य भिंगाचा प्रवाह किंचित हेलकावत ठेवतात. चित्र सरकू न लागता केंद्राभोवती फक्त ‘श्वास’ घेऊ लागले की झोताचा कल बरोबर साधला.

सर्वांत चिकाटीचे काम अॅस्टिग्मॅटिझम काढण्याचे. शाळकरी मुलाला सिलिंड्रिकल नंबर असला की एका दिशेच्या रेषा स्पष्ट आणि दुसऱ्या दिशेच्या पुसट दिसतात, येथेही तसेच. कार्बनच्या पातळ पापुद्र्यावरील कण एका दिशेने ओढल्यासारखे दिसतात आणि फोकस पलीकडे नेताच ती ओढ काटकोनात फिरते. संगणकावर त्याच चित्राचे फूरिए रूपांतर केल्यास वलये उमटतात. लंबगोल वलये पूर्ण गोल होईपर्यंत स्टिग्मेटरची दोन बटणे फिरवीत राहावे लागते. हे सारे शेजारच्या जागेवर उरकतात, कारण झोताच्या माऱ्याने नमुनाच खराब होतो. आपल्या बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागांशेजारी हे यंत्र कदापि चालायचे नाही. हादरे त्याला मुळीच सोसत नाहीत!

आम्हा बालरोगतज्ज्ञांवर या यंत्राचे मोठे ऋण आहे. १९७३ मध्ये मेलबर्न येथे रूथ बिशप व सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या बालकांच्या आतड्याच्या तुकड्यांत रोटाविषाणू पाहिला, तो याच यंत्राखाली. चाकासारख्या आकारावरून त्याला नाव मिळाले आणि २०१७ पासून त्याची लस मध्य प्रदेशच्या शासकीय लसीकरणात आहे.

जुळवणी निर्दोष असली तरी चित्र वाचणे आपल्याकडेच उरते. कोविडकाळात पेशींतील नेहमीच्याच पुटिका विषाणू म्हणून नामांकित नियतकालिकांत छापल्या गेल्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाच्या जाणकारांना त्यावर जाहीर आक्षेप घ्यावे लागले.