कॅमेरा घेतलेला शिकारी

सोलापूर शहरातील नवी पेठ ही गजबजलेली बाजारपेठ आहे. तेथे माणसांची आणि वाहनांची एवढी वर्दळ असते, की त्या जागी कोणी वन्यजीवांचे नाव काढले तर ऐकणारा हसेल. तथापि याच पेठेतील एखाद्या घराच्या गच्चीवर दिवस उजाडताना जाऊन उभे राहावे. तारेवर साळुंक्यांचे भांडण चाललेले असते, कठड्यावरून खार धावत जाते आणि उंच आकाशात घार पंख न हलविता घिरट्या घालीत असते. नवा डिजिटल कॅमेरा हाती आलेल्या मुलाने पहिला धडा येथेच गिरवावा. वाघ-बिबळ्यांची स्वप्ने पाहणाऱ्याला हा सल्ला रुचणार नाही. परंतु ज्याला गच्चीवरची खार टिपता येत नाही, त्याला वाघ समोर येऊन बसला तरी टिपता येणार नाही.

कॅमेरा ही वस्तू मुळात साधी आहे. पुढे एक भिंग असते. त्यातून आलेला प्रकाश आतल्या पडद्यावर पडतो आणि तेथे समोरच्या दृश्याची प्रतिमा उमटते. पूर्वी या पडद्याच्या जागी रसायन लावलेली फिल्म असे. डिजिटल कॅमेऱ्यात तेथे संवेदक असतो. संवेदक म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या लक्षावधी सूक्ष्म घरांची एक चकती होय. प्रत्येक घर आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचे विजेत रूपांतर करते आणि त्या विजेचे आकडे कार्डावर साठविले जातात. असा पहिला कॅमेरा स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने अमेरिकेतील कोडॅक कंपनीत १९७५ साली तयार केला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते, त्याचे चित्र अवघ्या १०,००० ठिपक्यांचे असे आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. तेवढ्या वेळात खार गच्ची ओलांडून शेजारच्या झाडावर पोहोचली असती!

फिल्मच्या एका रोलात बहुधा ३६ चित्रे मावत आणि प्रत्येकासाठी पैसे मोजावे लागत. त्यामुळे छायाचित्रकार कळ दाबण्यापूर्वी दहा वेळा विचार करी. आता हजार चित्रे काढली तरी खर्च वाढत नाही. ही मोठी सोय आहे खरी. परंतु तिच्यामुळे न पाहताच कळ दाबीत सुटण्याची सवयही लागते.

शिकण्यासारख्या मुख्य गोष्टी दोन आहेत: प्रकाश किती वेळ आत घ्यावयाचा आणि किती मोठ्या छिद्रातून घ्यावयाचा. वेळ ठरविणाऱ्या झडपेला शटर म्हणतात. बसलेल्या पक्ष्यासाठी सेकंदाचा दोनशेवा भाग पुरेसा होऊ शकतो. उडणाऱ्या पक्ष्यासाठी मात्र हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो, नाही तर पंखांच्या जागी नुसता धूसर पट्टा उमटतो. वेळ कमी केला की प्रकाशही कमी मिळतो. म्हणून छिद्र मोठे ठेवावे लागते. तेवढ्यानेही भागले नाही, तर संवेदकाकडून आलेला संकेत वाढवावा लागतो आणि मग चित्रावर वाळू सांडल्यासारखे कण दिसू लागतात. एक मिळविण्यासाठी दुसरे थोडे सोडावे लागते, असा हा व्यवहार आहे.

गच्चीवर हात बसला, म्हणजे सिद्धेश्वर तलावाचा काठ गाठावा. तेथे बगळा एका पायावर उभा असतो. नवशिक्याला तो सोपा वाटतो. चित्र पाहिले, की बगळ्याच्या जागी केवळ पांढरा डाग आढळतो, पिसे दिसतच नाहीत. याचे कारण असे, की कॅमेरा सगळ्या दृश्याचा उजेड सरासरीने मोजतो. भोवतालचे काळसर पाणी पाहून त्याला वाटते, की येथे अंधार आहे. म्हणून तो जास्त प्रकाश आत घेतो आणि पांढरा पक्षी जळून जातो. अशा वेळी प्रकाश जाणूनबुजून कमी करावा लागतो. काळ्या पाणकावळ्याच्या बाबतीत नेमके याच्या उलट करावे. आणखी एक गोष्ट काठावर बसल्यावाचून कळत नाही. पक्षी बहुधा वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून उडतात. म्हणून वारा आपल्या पाठीवर घेऊन बसणाऱ्याला उडणाऱ्या पक्ष्याचे तोंड दिसते आणि बाकीच्यांना शेपूट!

खरे माळरान पाहावयाचे, तर बार्शीच्या रस्त्याने सुमारे २२ किलोमीटरवरील नान्नज येथे जावे लागते. तेथील अभयारण्य माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली घोषित झाले. गवताच्या या सपाट प्रदेशात काळविटांचे कळप चरतात. लांडगा आणि खोकड यांचेही तेथे वास्तव्य आहे. झाडे थोडी, त्यामुळे आडोसा नाही. माणूस दुरूनच दिसतो आणि काळवीट उधळते. इंग्लंडमध्ये रिचर्ड व चेरी कीर्टन या भावांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यावर गमतीदार उपाय शोधला होता. पोकळ बैलाचे सोंग तयार करून त्याच्या पोटात ते कॅमेऱ्यासह दडून बसत! आपल्या देशात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने वाटेत तार बांधून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागला, की दिव्याचा झोत पडे आणि वाघ स्वतःच आपले चित्र काढी. ही चित्रे असलेले त्यांचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. नान्नजला जाणाऱ्याला एवढा खटाटोप नको. वनखात्याची परवानगी घ्यावी, मातकट रंगाचे कपडे घालावेत आणि एका जागी गप्प बसावे. उन्हे चढण्याच्या आत काम आटोपावे, हे फार महत्त्वाचे. कारण तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागली, की कितीही महागडे भिंग असले तरी दूरचे काळवीट पाण्यात बुडाल्यासारखे वाकडेतिकडे दिसते.

येथवर चूक झाली तर चित्र बिघडते. पुढची चूक त्याहून मोठी असते. उन्हाळ्यात माळावरून जाताना टिटवी एकाएकी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागते. छायाचित्रकाराला आनंद होतो. टिटवी जवळ आली, चित्र चांगले मिळणार! परंतु टिटवी आपण होऊन जवळ आलेली नसते. तिची अंडी जवळच असतात. ती घरटे विणीत नाही. उघड्या जमिनीवर खडे सारून केलेल्या खळग्यात बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीसारखा असल्यामुळे ती पायाखाली आली तरी दिसत नाहीत. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हात अंड्यांना ऊब देण्यापेक्षा त्यांना थंड ठेवणे, हेच टिटवीचे मुख्य काम होऊन बसते. ती अंड्यांवर सावली धरते. पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून आणते आणि त्या ओलाव्याने अंडी निववते. अशा दुपारी एखादा माणूस चांगल्या चित्राच्या आशेने तेथे अर्धा तास बसून राहिला, तर टिटवी अर्धा तास दूर राहते. अंडी तापतात आणि आतली पिले मरून जातात. माणूस मात्र आपण कोणाला बोटही लावले नाही, अशा समाधानात चित्र घेऊन घरी परततो. टिटवी ओरडू लागताच पायाखाली पाहत, आल्या वाटेने मागे फिरणे, एवढेच अशा वेळी करण्यासारखे असते.

१९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही गोष्ट ओळखली आहे. या कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थ केवळ गोळी घालणे किंवा सापळा लावणे एवढाच नाही. रानपक्ष्यांची अंडी अथवा घरटी यांना उपद्रव देणे, हीदेखील शिकारच होय. हाती बंदूक होती की कॅमेरा, याची चौकशी त्या व्याख्येत नाही.

माळढोकाची गोष्ट याहून नाजूक आहे. सुमारे मीटरभर उंचीचा हा भारदस्त पक्षीही जमिनीवरच अंडे घालतो आणि मादी एका वेळी बहुधा एकच अंडे देते. गवताळ माळ नांगराखाली गेले, विजेच्या तारा आडव्या आल्या, आणि आता हे पक्षी भारतात सुमारे दीडशेच उरले आहेत. त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. ज्या नान्नजचे अभयारण्य त्याच्या नावाने ओळखले जाते, तेथे तो आता क्वचितच दृष्टीस पडतो. तेथे काढलेली माळढोकाची जुनी छायाचित्रे म्हणूनच मोलाची आहेत. हा पक्षी कोठे होता, कोणत्या महिन्यात होता आणि कसल्या गवतात चरत होता, याचा तो पुरावा आहे. असा पुरावा होण्यासाठी चित्र सुंदर असावेच लागते असे नाही. त्याखाली तारीख आणि ठिकाण मात्र असावे लागते.

संध्याकाळी नव्या पेठेतील घरी परतल्यावर निवड करण्याचे काम सुरू होते. तीनशे चित्रांतून दहा राहिली तरी पुष्कळ झाली. हललेली, जळालेली, पाठमोरी चित्रे पुसून टाकावीत. तत्पूर्वी त्यांत काय चुकले, हे वहीत लिहून ठेवावे. उरलेल्यांखाली दिवस, वेळ आणि पक्षी काय करीत होता, हे नोंदवावे. एखाद्या चित्रात पक्षी अगदी लहान आणि भोवतालचे माळरान मोठे आले असले, तर ते टाकून देण्याची घाई करू नये. पक्षी कोठे राहतो, हे त्याच चित्रात दिसते. काही कॅमेरे आणि बहुतेक मोबाइल फोन चित्राबरोबर जागेची नोंदही आपोआप करू शकतात. एखाद्या चित्रात चुकून अंडी किंवा पिले आली असतील, तर ते चित्र आणि ती नोंद कोणाकडेही पाठवू नये. त्या चित्राखाली वहीत केवळ तारीख लिहावी आणि ठिकाणाची जागा मोकळी सोडावी.