हाताची घडी

समजा, तुमच्याकडे पाहुणी आली आहे. खुर्चीच्या कडेला टेकली आहे, हाताची घडी घट्ट घातली आहे आणि विचारलं तेवढ्याचंच उत्तर देते आहे. तुम्ही काय समजाल? ‘बाई रागावलेल्या दिसतात,’ असंच ना? मीही तेच समजले होते.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. गौरींसाठी वन्सं आमच्याकडे चार दिवस राहायला आल्या होत्या. एरवी आल्या की चहाही न घेता पदर खोचून स्वयंपाकघरात शिरणाऱ्या! त्या खेपेला मात्र हाताची घडी घालून बसून राहिल्या. पानातली पुरणपोळीसुद्धा अर्धी टाकली. मनात म्हटलं, गौरींच्या साड्या त्यांना न विचारता आणल्या ना, त्याचाच हा राग! झालं. मग मीही अबोला धरला. भांडी जरा जास्तच आपटली, हेही कबूल करते.

समोरच्याच्या अंगावर दिसणाऱ्या खुणांवरून मन ओळखायची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत : घाम, रोमांच, कंप, आवाज बदलणं, रंग उतरणं, अश्रू वगैरे. पण अश्रू कशाकशाने येतात याची यादी देताना त्यात शोक, आनंद आणि रागाबरोबर धूर आणि डोळ्यांतलं अंजनही घातलं आहे! चुलीपुढे बसणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. खूण एक, कारणं दहा.

आणि आपल्याला वाटतं तितका चेहराही बोलका नसतो, बरं का. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात टेनिसपटूंचे चुरशीचा गुण जिंकल्या-हरल्याच्या क्षणाचे फोटो लोकांना दाखवले. नुसता चेहरा पाहून जिंकला की हरला हे कुणाला धड सांगता येईना. शरीर दिसलं की मात्र ओळखता येई. गंमत म्हणजे, पूर्ण फोटो पाहणारे म्हणत, आम्ही चेहऱ्यावरूनच ओळखलं! खोटं बोलणारा ओळखण्यातही आपण अशाच फुशारक्या मारतो. अनेक प्रयोग एकत्र करून २००६ साली हिशेब मांडला गेला, तेव्हा शंभरातली सरासरी ५४ उत्तरंच बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तरी पन्नास आली असती!

मग काय पाहायचं? त्या माणसाची नेहमीची रीत. मितभाषी जाऊबाई गप्प बसल्या तर त्यात विशेष काही नाही. बडबडी नणंद गप्प झाली, तर तिथे थांबायचं. आणि मनात ताडण्यापेक्षा विचारायचं. ‘रागावलात का?’ असं नव्हे हं. त्याला ‘छे, मी कशाला रागावू?’ याखेरीज दुसरं उत्तरच नसतं. जे दिसलं तेवढंच बोलावं. तेही चारचौघांत नको. हातात काहीतरी काम असावं, म्हणजे एकमेकींच्या डोळ्यांत पाहावं लागत नाही.

माझ्या हातून हे घडलं ते योगायोगानेच. गौरी गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी घेवडा निवडत बसलो होतो. न राहवून मी म्हटलं, “वन्सं, तीन दिवस पाहतेय, तुम्ही नीट जेवत नाही. आणि डावा हात सारखा अंगाशी धरलाय.”

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग हळूच म्हणाल्या, “छातीत गाठ लागतेय गं. तीन आठवडे झाले. कुणाला सांगितलं नाही.”

माझ्या डोळ्यांपुढे ती आपटलेली भांडी आली! त्याच दुपारी आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तपासण्या झाल्या. गाठ वाईट निघाली, पण लहान होती. ऑपरेशन झालं, पुढचे उपचारही झाले. आता सहा महिन्यांनी तपासणीला जाताना मीच सोबत असते.

परवा वन्सं आल्या होत्या. चहा घेऊन बाहेर येते तो काय, त्यांनी हाताची घट्ट घडी घातलेली. माझ्या काळजात धस्स झालं. कपबशा खाली ठेवून विचारलं, “वन्सं, काय होतंय?”

“काय होणार? अगं, पंखा केवढा मोठा सोडलायस! गारठले ना मी!”