चिनी माती कोणाची?



तुमच्या माजघरात लोणच्याची बरणी असेलच. वर तपकिरी, खाली पांढरी, तोंडाला फडके बांधलेली. ती कशाची, असे विचारले तर घरातले पोरही सांगेल, "चिनी मातीची." गेल्या उन्हाळ्यात एका गावी बैठक आटोपून एका घरी जेवायला बसलो होतो. लोणचे वाढता वाढता घरच्या आजींनी मला विचारले, "साहेब, कैरी आपली, मीठ-मोहरी आपली, बरणीही इथल्याच बाजारातली. मग माती तेवढी चीनची कशी?"

मी मातीचे शिक्षण घेतलेला माणूस, पण त्या वेळी मला नीट सांगता आले नाही. हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र पुस्तके काढून बसलो. हा लेख म्हणजे त्या आजींना उशिराने दिलेले उत्तर आहे.

पहिली गोष्ट अशी, की आपली बरणी चीनहून येत नाही. ती आपल्याच देशात बनते. तिची जाड माती म्हणजे खऱ्या चिनी मातीची लांबची बहीण. खरे चिनी भांडे पांढरेशुभ्र आणि इतके पातळ असते, की उजेडापुढे धरले तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. टिचकी मारली तर घंटेसारखे वाजते. पण दोघींचा एक गुण सारखा. त्यांच्यावरची काचेसारखी झिलई ओल पीत नाही आणि आंबट-खारटाला दाद देत नाही. म्हणून तर लोणचे वर्षभर टिकते.

हाडे आणि मांस

चीनच्या जिआंगशी प्रांतात जिंगदेझेन नावाचे गाव आहे. भांडी तेथे फार पूर्वीपासून होत. १००४ साली तेव्हाच्या सम्राटाच्या कारकिर्दीचे नाव या गावाला मिळाले आणि पुढे जगातली सर्वांत नावाजलेली चिनी भांडी येथूनच गेली. या गावाजवळ गाओलिंग नावाची टेकडी आहे. तिथली पांढरी माती भांड्यांना वापरत. त्या टेकडीच्या नावावरूनच जगभर या मातीला 'केओलिन' म्हणू लागले.

आपल्या काळ्या रानातली माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. केओलिन तशी फुगत नाही. खत धरून ठेवण्याची तिची ताकदही कमी, म्हणून शेतीच्या दृष्टीने ती फारशी कामाची नाही. पण भट्टीत ती ढळत नाही. भांड्याचा आकार तीच धरून ठेवते.

नुसत्या केओलिनचे मात्र भांडे होत नाही. तिच्या जोडीला एक पांढरा दगड लागतो. तो कुटून, पाण्यात कालवून, गाळून त्याच्या लहान विटा पाडतात. भट्टीत हा दगड वितळतो आणि मातीच्या कणाकणांत काचेसारखा भरतो. आपल्या गावच्या कुंभाराचा आवा सहसा हजार अंशांच्या आत तापतो. या भांड्यांना सुमारे तेराशे अंश सेल्सिअस लागतात. तिथले कारागीर म्हणत, केओलिन म्हणजे हाडे आणि दगड म्हणजे मांस. दोन्ही असतील तरच देह उभा राहतो.

हा दगड कुटायला ओढ्याकाठी लाकडी मुसळे बसवलेली असत. वाहत्या पाण्याने चाक फिरे आणि चाकाच्या फेऱ्याबरोबर मुसळ उचलले जाऊन दगडावर आदळे. माणसाच्या हाताला विश्रांती आणि रात्रंदिवस काम चालू.

बहात्तर हात

सोंग यिंगशिंग नावाच्या विद्वानाने १६३७ साली आपल्या देशातल्या उद्योगधंद्यांवर एक ग्रंथ लिहिला. आपल्याला आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्याने ग्रंथाची सुरुवात धान्यापासून केली आणि हिरे-माणके अगदी शेवटी घातली. याच ग्रंथात तो सांगतो, की चिनी मातीचा एक पेला तयार व्हायला तो बहात्तर हातांतून जातो. माती मळणारा वेगळा, चाकावर घडवणारा वेगळा, कडा तासणारा, झिलई देणारा, भट्टी लावणारा, सगळे वेगळे.

या हातांनी सोसलेही खूप. सोळाव्या शतकाच्या अखेरीची एक गोष्ट जिंगदेझेनमध्ये अजून सांगतात. राजवाड्यासाठी नागाकृती काढलेले प्रचंड रांजण हवे होते. ते भट्टीत पुनःपुन्हा तडकत आणि सरकारी अधिकारी कारागिरांना फटके मारी. तोंग बिन नावाच्या कारागिराला ते पाहवेना. त्याने पेटत्या भट्टीत उडी घेतली आणि त्या वेळी रांजण अखंड निघाले, असे म्हणतात. पुढे लोकांनी त्याला भट्टीचा देव मानून त्याचे देऊळ बांधले. गोष्टीतला चमत्कार बाजूला ठेवा, पण सुंदर भांड्यामागे कोणाच्या पाठीवरचे वळ आहेत हे गाव विसरले नाही, एवढे तिच्यातून नक्की कळते.

निळा रंग कोठून आला?

चिनी भांडे म्हटले की पांढऱ्यावर निळी नक्षी डोळ्यांपुढे येते. ती तरी अस्सल चीनची असेल ना? तिथेही गंमत आहे.

नवव्या शतकात चीनची पांढरी भांडी समुद्रमार्गे इराकातल्या बसरा बंदरापर्यंत जात. तिथल्या कुंभारांना ती फार आवडली. पण त्यांच्याजवळ केओलिन नव्हती आणि त्यांची स्वतःची माती भाजली की पिवळसर होई. मग त्यांनी झिलईत कथील घातले. आपण पितळेच्या भांड्याला कथलाची कल्हई करतो, त्यातलेच हे कथील. त्याने झिलई दुधासारखी पांढरी झाली. त्या पांढऱ्यावर त्यांनी कोबाल्ट नावाच्या खनिजाने निळी नक्षी काढली.

१९९८ साली इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ समुद्रतळाशी एक जुने जहाज सापडले. ते अरबी धर्तीचे होते. फळ्या खिळ्यांनी न ठोकता दोरीने शिवलेल्या होत्या. त्यात सुमारे ६० हजार चिनी भांडी निघाली. एका वाडग्यावर इ. स. ८२६ शी जुळणारी तारीख होती. आणि त्या ढिगात चीनमध्येच बनलेल्या, पण पश्चिमेकडच्या धाटणीची निळी नक्षी असलेल्या तीन थाळ्या होत्या. म्हणजे माल देता देता चिनी कुंभार गिऱ्हाइकाची आवडही पाहत होते.

पुढे चौदाव्या शतकात जिंगदेझेनमध्ये इराणकडचा कोबाल्ट येऊ लागला आणि निळ्या-पांढऱ्या भांड्यांना बहर आला. पश्चिम आशियात अनेकजण एका ताटाभोवती बसून जेवत, म्हणून त्यांच्यासाठी मोठमोठी ताटे घडवली गेली. तिकडे त्यांचा मान एवढा, की इराणचा शाह अब्बास याने १६११ साली अर्दबिलच्या दर्ग्याला हजारावर चिनी भांडी अर्पण केली. माती चीनची, रंग इराणचा आणि आकार जेवणाऱ्यांच्या रीतीचा, असे ते भांडे होते.

विद्या पळवून नेली तेव्हा

ही देवघेव नेहमी गोडीगुलाबीने झाली असे मात्र समजू नका. चीनकडून शिकून कोरियाच्या कुंभारांनी आपली वेगळी कला उभी केली होती. १५९२ ते १५९८ या काळात जपानने कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि जाताना जपानी सरदारांनी कुंभारांच्या कुटुंबांना धरून नेले. सोनेनाणे लुटतात तसे इथे कसब लुटले. त्यांपैकीच यी साम-प्योंग या कारागिराला १६१६ च्या सुमारास जपानमधील आरिता गावाजवळ योग्य पांढरी माती सापडली, असे तिथली परंपरा सांगते. जपानची चिनी भांडी तेथून सुरू झाली. १९१७ साली आरिताच्या लोकांनी त्याचे स्मारक उभारले. ज्याला बळाने आणले, त्याला गावाने आपला मूळपुरुष मानले. पण त्याचे घर, त्याचा मुलूख मात्र त्याला परत मिळाला नाही.

१६४४ साली चीनमध्ये राज्य बदलले. त्या धामधुमीत जिंगदेझेनचा व्यापार विस्कटला, तेव्हा डच व्यापारी आरिताकडे वळले. पुढे जिंगदेझेनची घडी पुन्हा बसली आणि अठराव्या शतकात तिथले कारागीर चक्क जपानी नक्षीची नक्कल करून भांडी विकू लागले. गुरूने शिष्याच्या हाताखाली बसण्यात कमीपणा मानला नाही.

कुलूपबंद विद्या

युरोपातले राजे या भांड्यांसाठी वेडे झाले होते. जर्मनीतल्या सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याने १७१७ साली शेजारच्या प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार दिले आणि बदल्यात १५१ भांडी घेतली! याच राजाने बॉटगर नावाच्या तरुणाला कैदेत ठेवून चिनी मातीचे गुपित शोधायला लावले होते. बॉटगरला ते साधले आणि १७१० साली माइसेन येथे कारखाना निघाला. गुपित बाहेर जाऊ नये म्हणून तो किल्ल्यात ठेवला. पण दहा वर्षांच्या आत तिथला एक माहीतगार फुटला आणि व्हिएन्नात दुसरा कारखाना उभा राहिला.

तिकडे जिंगदेझेनमध्ये दांत्रकोल नावाचा फ्रेंच धर्मोपदेशक राहत होता. त्याने कारागिरांना विचारून, भट्ट्यांवर जाऊन सारी रीत १७१२ आणि १७२२ सालच्या दोन पत्रांत लिहून पाठवली. त्यात एका चिनी व्यापाऱ्याचा किस्सा आहे. परदेशी लोकांनी नुसता पांढरा दगड आपल्या देशी नेला आणि भांडी करायला गेले ते फसले. व्यापारी हसून म्हणाला, हाडांवाचून नुसत्या मांसाचा देह उभा करायला निघाले होते! ही पत्रे वाचूनच इंग्लंडच्या कुकवर्दीने आपल्याकडे अशी माती कोठे आहे याचा शोध घेतला. कॉर्नवॉलमध्ये त्याला ती मिळाली आणि १७६८ साली त्याने पेटंट घेतले.

म्हणजे किल्ल्यातले गुपितही टिकले नाही. टिकले ते ज्यांनी घेतले, आपल्या मातीशी जुळवले आणि त्यात स्वतःची भर घातली त्यांचे काम.

जिंगदेझेनवरही पुन्हा वाईट दिवस आले. १९९० च्या दशकात तिथले मोठे सरकारी कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले. पण हात शिल्लक होते. त्या हातांकडून शिकायला चीनच्या इतर भागांतली तरुण मुले आणि परदेशांतले कुंभार येऊ लागले. कोणी महिनाभर राहतो, कोणी कायमचा. २०१४ साली युनेस्कोने हस्तकला आणि लोककलेचे शहर म्हणून जिंगदेझेनची निवड केली. ज्या गावाच्या विद्येसाठी जगाने कैदखाने बांधले, ते गाव आता येणाऱ्याला चाकाशेजारी बसवून घेते.

मित्रहो, मी नोकरीला लागलो तेव्हा मला वाटे, शिकवणारे आम्ही आणि शिकणारे तुम्ही. पत्रके वाटायची, सांगायचे आणि निघायचे. कोणते रान कधी वाफशावर येते हे मला पुस्तकाने नव्हे, बांधावरच्या माणसांनी शिकवले. हे कबूल करायला मला बरीच वर्षे लागली. पुस्तक आणि अनुभव यांचेही त्या दोन मातींसारखेच आहे. एक हाडे, दुसरे मांस.

तर आजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. नाव चीनचे, कारण मूळ कसब त्यांचे. पण त्या कसबात इराणचा रंग, बसऱ्याची युक्ती, कोरियाचे अश्रू आणि जपानची नक्षी मिसळली. पुढच्या वेळी येईन तेव्हा वेळ मारून नेणार नाही. बरणीतली फोड मात्र आठवणीने वाढा.