स्त्रीचळवळीचे दस्तऐवजीकरण आणि डावे राजकारण : महाराष्ट्राच्या संदर्भात

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील स्त्रीमुक्ती चळवळीचा आरंभ सामान्यतः १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षापासून मानला जातो. तथापि त्यापूर्वीच डाव्या पक्षसंघटनांच्या किसान, कामगार व महागाईविरोधी लढ्यांतून स्त्रिया संघटित होत होत्या. हा दुवा इतिहासलेखनात क्षीण राहिला, याचे एक कारण नोंदी ठेवण्याच्या पद्धतीत आहे. प्रस्तुत लेखात त्याचा ऊहापोह केला आहे.

विषय विवेचन :
१९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी किसान सभेच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या ग्रंथात लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वेठीस बांधल्या गेलेल्या लग्नगड्यांचे व स्त्रियांच्या शोषणाचे चित्रण आहे. मात्र हे कथन नेत्याचे आहे; वारली स्त्रीचा आवाज त्यातून अप्रत्यक्षपणेच ऐकू येतो.

१९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या महागाईविरोधी संयुक्त आघाडीत समाजवादी मृणाल गोरे आणि मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर एकत्र आल्या. थाळी-लाटणे हे घरातील साधन रस्त्यावरील निषेधाचे प्रतीक बनले. या मोर्चांच्या बातम्या उपलब्ध आहेत. परंतु चाळीचाळींतून स्त्रियांना जमविण्याचे दैनंदिन काम बातमीत येत नाही.

याच काळात शहादा परिसरात श्रमिक संघटनेच्या जमीन व मजुरीच्या लढ्यातून भिल्ल स्त्रियांनी दारूविरोधी मोहीम उभारली आणि नवऱ्याच्या मारहाणीचा प्रश्न सार्वजनिक केला. वर्गलढ्यातूनच घरातील सत्तासंबंधांचा प्रश्न उपस्थित झाला, हे येथे लक्षणीय ठरते. पक्षाच्या अहवालात मात्र अशा प्रश्नांना 'पूरक' स्थान मिळण्याचा धोका असतो.

पद्धतीविषयक विचार :
ही उणीव मौखिक इतिहासाने भरून काढता येते. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने तेलंगणा सशस्त्र लढ्यातील स्त्रियांच्या मुलाखती संकलित केल्या. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. लढ्याने दिलेले स्वातंत्र्य आणि लढा संपल्यावर पुन्हा घरात परतण्याची वेदना, या दोन्ही बाजू त्यातून पुढे आल्या. त्याच वर्षी ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथाने आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांसाठी हेच कार्य केले. वर्ग, जात व लिंगभाव यांची नोंद एकत्रित व्हावी, असा बोध यातून मिळतो. स्मृतीलाही मर्यादा असल्याने मुलाखतींची पडताळणी पत्रके, इतिवृत्ते व वृत्तपत्रांशी करणे आवश्यक आहे. पक्षाशी झालेले मतभेद वगळून केलेली नोंद गौरवग्रंथ ठरेल, इतिहास नव्हे.

निष्कर्ष :
डाव्या राजकारणाने स्त्रियांना संघटनेचे व्यासपीठ दिले. स्त्रियांनी त्या राजकारणाला घराच्या उंबरठ्याआतील प्रश्न दिले. हे देणेघेणे दोन्ही बाजूंनी नोंदले गेले पाहिजे. १९७२ मध्ये विशीत असलेल्या कार्यकर्त्या आज सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. त्यांची पत्रे, छायाचित्रे व पत्रके रद्दीत जाण्यापूर्वी महाविद्यालयांतील इतिहास, समाजशास्त्र व मराठी विभागांनी आपल्या परिसरातील संकलन हाती घेणे अगत्याचे आहे.