पाण्यावरचे बिऱ्हाड

नावेत बिऱ्हाड करणारा मनुष्य डळमळीत आणि चिरेबंदी वाड्यात राहणारा निर्धास्त, ही आपली सहज समजूत ॲमस्टरडॅम शहरात टिकत नाही. कारण तेथे वाडेच पाण्याच्या मेहेरबानीवर उभे आहेत. १६१३ सालापासून हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त व प्रिन्सेनग्राख्त हे कालवे खणून त्यांच्या काठी व्यापाऱ्यांनी ज्या उंच, अरुंद इमारती बांधल्या, त्या दलदलीत खचू नयेत म्हणून चिखलाचे थर भेदून सुमारे बारा मीटर खोल वाळूपर्यंत लाकडी खांब ठोकावे लागले. एकट्या डाम चौकातील राजवाड्याखाली असे १३,६५९ खांब असल्याचे सांगतात. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला प्राणवायू लागतो, आणि जलमग्न मातीत तो तिला मिळत नाही, म्हणून हे खांब शतकानुशतके टिकले. परंतु भूजल उतरून त्यांची डोकी उघडी पडली, की बुरशी आपला अंमल बसविते आणि वरची भिंत कलू लागते. पाणी चढण्याइतकेच ते उतरण्याचेही भय बाळगणारी नगरी विरळाच!

या भयावरचा बंदोबस्त १६८३-८४ मध्ये, मूळचा गणिती असलेल्या योहानेस हुड्डे या नगराध्यक्षाच्या कारकिर्दीत झाला. भरतीच्या पाण्याची वर्षभर मोजणी होऊन शहराची पातळी मुक्रर करण्यात आली व तिच्या खुणेच्या संगमरवरी शिळा आठ जलद्वारांत बसविल्या गेल्या. आज यांपैकी एकच शिळा मूळ जागी उरली असली, तरी युरोपातील अनेक देशांच्या उंचीची मोजमापे त्याच पातळीशी जोडलेली आहेत, आणि कालव्यांचे पाणी तिच्याखाली सुमारे चाळीस सेंटिमीटरवर राखले जाते. गणित्याच्या हाती कारभार गेल्याचे इतके टिकाऊ फळ क्वचितच दिसावे.

अशा राखलेल्या पाण्यावर आज सुमारे अडीच हजार नौकागृहे तरंगत आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई आणि निकामी झालेली मालवाहू गलबते यांचा योग जुळून आला, आणि ही वस्ती वाढली. पोलादी गलबताचा तळ गंजतो, सबब ठराविक वर्षांनी ते गोदीत चढवून पत्र्याची जाडी तपासावी लागते. काँक्रीटच्या पोकळ पेटीवर बांधलेल्या घराला ही यातायात नाही. दगडासारखे काँक्रीट तरंगते कसे, याचे उत्तर आर्किमिडीजचे आहे. दहा मीटर लांब व चार मीटर रुंद पेटी एक मीटर बुडाली, तर ती चाळीस घनमीटर पाणी बाजूस सारते, म्हणजेच गोड्या पाण्यात चाळीस टन वजन पेलते. तीत आणखी चारशे किलो सामान भरले, तर ती जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते. मात्र ते सामान एकाच कडेला रचले, तर घर कलते, म्हणून येथे पुस्तकांचे कपाट कोठे ठेवावे हा प्रश्न केवळ शोभेचा नसतो.

सांडपाण्याची गोष्ट उलटी आहे. जमिनीवरच्या घराचे मैलापाणी उताराने गटारात जाते. नौकागृह रस्त्याहून खाली असल्याने तेथे ते पंपाने वर चढवावे लागते. पूर्वी ते सरळ कालव्यात सोडीत, पुढे नगरपालिकेने गटाराची जोडणी सक्तीची केली.

आता संकट कालव्यांच्या काठच्या धक्क्यांवर आले आहे. हलक्या रहदारीसाठी उभारलेल्या त्यांच्या जुन्या भिंतींना आज जड मोटारींचा भार सोसावा लागतो, आणि सप्टेंबर २०२० मध्ये ग्रिमबुर्गवाल येथील भिंत कालव्यात कोसळली. डागडुजीसाठी धक्का मोकळा करावयाचा, तर नौकागृहांना काही काळ जागा सोडावी लागते. ज्यांना इंजिन नाही, ती घरे पाण्याच्या व विजेच्या जोडण्या सोडवून, दुसऱ्या बोटीने ओढीत नेली जातात. वाटेतले पूल ठेंगणे असल्याने घराचे छत किती उंच असावे, हेही त्यामुळे आधीच ठरून जाते.