अँजिओग्राफी क्लीन, तरीही हार्ट अटॅक? ‘मिनोका’ समजून घ्या

मागच्या दिवाळीत मी संगमनेरला घरी होतो. पहाटे मावशीच्या छातीत दुखायला लागलं, दरदरून घाम फुटला. मी माझं स्मार्टवॉच तिच्या हातात बांधून ईसीजी काढला. स्क्रीनवर आलं, ‘सायनस ऱ्हिदम’. म्हणजे सगळं ठीक! ॲसिडिटी समजून आम्ही तासभर घालवला.

नंतर रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं निघालं. तिला नाशिकला हलवलं, तर अँजिओग्राफीत सगळ्या नळ्या मोकळ्या. घरचे म्हणाले, “चला, काही नव्हतं.” पण होतं.

मिनोका म्हणजे काय?

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. हा एक प्रकारचा क्रॅश लॉग समजा: क्रॅश झाला हे कळतं, का झाला ते नाही. हार्ट अटॅकची लक्षणं आहेत, ट्रोपोनिन वाढलंय, पण एकाही मुख्य नळीत 50 टक्के अडथळा नाही, अशा वेळी डॉक्टर ‘मिनोका’चा विचार करतात. 100 हार्ट अटॅकमध्ये असे साधारण 5 ते 10 असतात. त्यात महिलांचं प्रमाण जास्त, वयही तुलनेने कमी.

नळी मोकळी, मग अटॅक कसा?

अँजिओग्राफीत नळीत औषध सोडून एक्स-रे घेतात. त्यात नळीची पोकळी दिसते, भिंत नीट दिसत नाही. भिंतीवरचा चरबीचा थर फाटून गुठळी झाली आणि विरघळली, किंवा नळी काही मिनिटं आवळली, तर नंतरच्या फोटोत ते सापडेलच असं नाही. कधी कधी तो अटॅक नसतोच. हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असते.

मग शोधायचं कसं?

दोन तपासण्या कामाच्या. हृदयाचा एमआरआय स्नायूला कुठे आणि कशी इजा झाली ते दाखवतो. ओसीटी नळीच्या आत प्रकाश सोडून भिंतीचा जवळून फोटो काढते. एका अभ्यासात या दोन्ही तपासण्या झालेल्या 116 पैकी 98 महिलांमध्ये कारण सापडलं. कारण कळलं की औषध बदलतं: नळी आवळत असेल तर एक, सूज असेल तर दुसरं.

धोका किती?

2015 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं. वर्षभरातलं मृत्यूचं प्रमाण ब्लॉकेजवाल्या अटॅकमध्ये 6.7 टक्के, मिनोकात 4.7 टक्के. कमी आहे, पण ‘काही नाही’ म्हणण्याइतकं नक्कीच नाही.

आणि आपलं वॉच?

वॉचचा ईसीजी हृदयाकडे एकाच बाजूने बघतो. दवाखान्यातला 12 बाजूंनी. वॉच अनियमित ठोके पकडू शकतं, हार्ट अटॅक नाही. हे सेटअपच्या वेळीच लिहिलेलं असतं. आपण वाचत नाही, मीही वाचलं नव्हतं.

छातीत दुखतंय, घाम येतोय, दम लागतोय? वॉच बाजूला ठेवा, 108 ला फोन लावा. आणि रिपोर्ट ‘नळ्या मोकळ्या’ आला, तर डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: “मग ट्रोपोनिन का वाढलं? एमआरआय करायचा का?”

आम्ही विचारलं. मावशीच्या एमआरआयमध्ये स्नायूवर छोटासा व्रण निघाला. म्हणजे अटॅक खराच होता. आता तिच्या गोळ्या चालू आहेत, आणि त्यांचा अलार्म मात्र त्याच वॉचवर लावलाय.